राखण

नवरा खरंच झोपलाय हे मला त्याच्या श्वासावरून कळलं, आणि हातातला सुकाणूचा दांडा एकदम जड झाला.

डिसेंबर २०१८. रात्रीचा एक वाजून गेला होता. निवतीसमोरच्या वेंगुर्ला खडकांवरचं दीपगृह मागे पडत चाललं होतं. किनारा उजव्या हाताला होता आणि तिकडूनच मतलई वारा येत होता. हा वारा रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्याला ओल्या मातीचा आणि विझलेल्या चुलींचा वास असतो. आमची बोट एकतीस फुटांची, शिडाची. त्या वाऱ्यावर ताशी चार सागरी मैलांनी उत्तरेला सरकत होती. म्हणजे माणूस भरभर चालला तर जेवढा जाईल, त्याहून थोडं जास्त.

त्याआधीही मी रात्री सुकाणू धरलं होतं. पण तेव्हा तो शेजारी बसलेला असायचा. आत आडवा झाला तरी जागाच असायचा. दर पाच मिनिटांनी आतून प्रश्न यायचा : होकायंत्र किती दाखवतंय? वारा मागे सरकलाय का? तो दिवा कुठल्या बाजूला आहे? मी उत्तर द्यायचे आणि निर्धास्त व्हायचे, कारण पुढचा विचार तो करणार होता. दांडा माझ्या हातात असला तरी राखण त्याचीच होती. त्या रात्री आतून प्रश्न आला नाही.

राखण हा आमच्याकडचा शेतातला शब्द. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलं की रात्री मामा उसाला पाणी पाजायला निघायचे. वीज रात्रीची असायची, त्यामुळे दारं धरायलाही रात्रीच जावं लागे. एका सरीत पाणी पोचलं की तिचं दार मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. काम तसं साधं. पण धरणाऱ्याचा डोळा लागला तर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जाणार, आणि सकाळी जबाब मामांना द्यावा लागणार. जबाबदारीतला ‘जबाब’ असा मी फार लवकर पाहिला होता. तो आपणही द्यायचा असतो, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात जागायची माणसं ठरलेली होती आणि त्यांत मी नव्हते.

आमचं घर सांगलीत, हरिपूर रस्त्याच्या बाजूला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना आधी ‘बरं आहे ना’ विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती झालं?’ विचारतात. १९२९ सालचा तो पूल म्हणजे आमची फूटपट्टी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि मग आमच्याकडे येतं. त्यामुळे वर किती सोडलं आणि इथं किती चढलं, हे बाबांच्या वहीत लिहिलेलं असायचं. घरात मात्र त्यांची पट्टी वेगळी होती : जिना. अठरा पायऱ्यांचा, काळ्या दगडाचा. पाणी दारात आलं की बाबा बॅटरी घेऊन जिन्यात बसायचे आणि दर अर्ध्या तासानं भिंतीवर कोळशाची रेघ मारायचे. २००५ च्या पुरात पाणी चौथ्या पायरीला लागलं. ती रेघ पुढं रंग लावतानाही त्यांनी सोडून दिली होती. आम्ही बायका वर धान्याचे डबे, गाद्या, देव हलवायचो आणि झोपायचो. बाबा आहेत खाली, एवढं पुरायचं.

म्हणून शिडाच्या बोटीवर राहायला गेले तेव्हाही मी तीच झोप सोबत नेली.

बोट हे नवऱ्याचं जुनं स्वप्न. २०१८ च्या मे महिन्यात नौदलाच्या सहा जणी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतल्या. त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो त्यानं कापून ठेवला होता. मला तेव्हा वाटलं, हा फोटो तो स्वतःसाठी ठेवतोय. त्याच वर्षी दसऱ्यानंतर आम्ही मांडवीत नांगरलेली एक जुनी बोट घेतली, त्याच्या नोकरीतून दीड वर्षाची सुट्टी घेतली आणि दोन पिशव्यांत मावेल एवढाच संसार घेऊन तिच्यावर राहायला गेलो.

पहिले दोन महिने मी तिथली पाहुणी होते, हे आज स्वच्छ दिसतं. सांगलीत मी शाळेत शिकवत होते, घर चालवत होते, सासऱ्यांचं दवाखान्याचं सगळं बघत होते. बोटीवर आले आणि ‘हे तू बघ’ एवढंच बोलायला लागले. इंजिन तू बघ. शीड तू बघ. पंखा बंद पडलाय, बघ ना. तो बघायचा. आणि हळूहळू त्याच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. बोटीवर राहणं म्हणजे घरात राहणं नाही. घराला खालून भोकं नसतात. बोटीला असतात, पाणी आत घ्यायला आणि बाहेर टाकायला, आणि त्या प्रत्येकाला एक झडप असते. ती झडप गंजली आहे का हे कुणीतरी पाहावं लागतं. तळाशी पाणी साचतं, ते किती साचलं आणि खारं की गोडं, हे चव घेऊन पाहावं लागतं. गोडं असलं तर टाकी गळतेय, खारं असलं तर समुद्र आत येतोय.

मी सुरुवात स्वयंपाकघरापासून केली, कारण तिथं तरी मला कुणी शिकवायची गरज नव्हती असं वाटत होतं. आणि तिथंच पहिला फटका बसला. एका संध्याकाळी चहा करून शेगडी बंद केली, सिलिंडरचा खटका तसाच राहिला. घरी तो कुठं रोज बंद करतो आपण? तासाभरानं नवरा आत आला आणि जागीच थांबला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून, खिडकीतून निघून जातो. बोटीला तळाशी दार नसतं. गॅस खाली उतरतो आणि भांड्यात पाणी साचावं तसा तळात साचून राहतो, वर नाकाला कळतही नाही. मग इंजिनाची किल्ली फिरवताना उडालेली एक ठिणगी पुरते. त्या रात्री आम्ही सगळी झाकणं उघडून, एकही बटण न दाबता, हातानं बादलीभर हवा उपसावी तसं पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. तो मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

सकाळी मी वही काढली, बाबांच्यासारखीच. गॅसचा खटका, तळातलं पाणी, बॅटरीचे व्होल्ट, टाकीतलं गोडं पाणी. बॅटरी १२.२ च्या खाली गेली की ती अर्धी संपली आणि रात्रीचे दिवे धोक्यात आले, हे मला त्या वहीनं शिकवलं. टाकी दोनशे लिटरची, त्यात दोघांचे बारा दिवस निघायचे, भांडी समुद्राच्या पाण्यात धुऊन फक्त शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारला तर. या चार गोष्टी माझ्या झाल्या. तो त्यांच्याबद्दल विचारायचा बंद झाला, आणि त्याचं न विचारणं हे मला कुठल्याही शाबासकीपेक्षा जास्त वाटलं.

नांगराचं काम माझ्याकडे आलं ते जयगडच्या खाडीत, आणि मी मागितलं म्हणून नाही, अंगावर आलं. तो छोटी रबरी होडी घेऊन डिझेल आणायला गावात गेला होता. मी एकटी. दुपारचा वारा वायव्येकडून भरला, भरतीचं पाणी वाढायला लागलं. किनाऱ्यावरचं एक माडाचं झाड आणि त्याच्या मागचं लाल कौल मी सकाळी एका रेषेत धरून ठेवलं होतं. ही सवय त्यानंच लावली होती. पाहिलं तर कौल झाडाच्या डावीकडे सरकलं होतं. थोड्या वेळानं आणखी. म्हणजे झाड तिथंच आहे, कौल तिथंच आहे, आम्हीच चाललोय. नांगर घसरत होता.

मला आधी ओरडावंसं वाटलं. ऐकायला कुणी नव्हतं. मग डोकं हळूहळू कामाला लागलं. नांगर टाकला तेव्हा ओहोटी होती, पाणी सहा मीटर. साखळी सोडली होती पंचवीस मीटर, म्हणजे खोलीच्या चौपट. आता भरतीनं खोली साडेआठच्या वर गेली, साखळी मात्र तेवढीच. तिपटीच्याही खाली. साखळी आखूड पडली की ती नांगराला आडवं ओढण्याऐवजी वर उचलते, आणि उचललेला नांगर चिखल सोडतो. इंजिन सुरू करून ठेवलं आणि साखळी सोडायला घेतली. दर पाच मीटरला आम्ही रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. तीन चिंध्या हातातून गेल्या. चाळीस मीटर. बोटीनं एक हिसका खाल्ला, तोंड वाऱ्याकडे वळवलं आणि थांबली. झाड आणि कौल. झाड आणि कौल. अर्धा तास मी डोळा काढला नाही.

तो परत आला, साखळीकडे बघून म्हणाला, “जास्त का सोडलीस?” मी भरतीचं गणित सांगितलं. “बरं,” म्हणाला आणि डिझेलचे कॅन वर घ्यायला लागला. पुढं जाऊन त्यानं साखळी तपासली नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मला आठवतंय, त्या ‘बरं’नं मला रडू आलं.

रात्री चालण्याचं आमचं कारण कोकण किनाऱ्याचा वारा. दिवसा तो वायव्येकडून येतो. उत्तरेला जाणाऱ्याच्या तो थेट तोंडावर. रात्री मतलई सुटली की आडवा मिळतो, आणि शिडाला आडवा वारा लागतोच. म्हणून दुपारी खाडीत झोपायचं आणि रात्री निघायचं. दोघांत रात्र वाटून घ्यायची तर तीन-तीन तासांच्या पाळ्या. पाळी बदलताना एक रीत होती. जाणारा सगळं सांगणार : दिशा, वारा, दिसलेले दिवे, किनारा किती लांब, बॅटरी किती. मग तो म्हणणार, “दिलं.” येणारा ते मनात लावून झाल्यावर म्हणणार, “घेतलं.” घेतलं म्हणेपर्यंत जाणाऱ्यानं जागा सोडायची नाही. डोळे अजून झोपेत असतील तर सरळ सांगायचं, अजून नाही घेतलं.

दिव्यांचा एक नियम मला फार आवडला, आणि त्याची भीतीही बसली. समोर अंधारात एखाद्या जहाजाचा दिवा दिसला की त्याची दिशा होकायंत्रावर बघून ठेवायची. पाच मिनिटांनी परत बघायची. दिवा पुढं किंवा मागं सरकला असेल तर तो आपल्या पुढून किंवा मागून जाणार. पण दिवा मोठा होतोय आणि जागा सोडत नाहीये, तर तो आपल्यावरच येतोय. सहा सागरी मैलांवर दिसलेलं मोठं जहाज पंधरा-वीस मिनिटांत गाठतं. त्यामुळे चहाला आत गेलं तरी घड्याळ सोबत. किती शांत वाटतो तो, जागा न सोडणारा दिवा. डोळ्याला तोच सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो.

आता ती जानेवारीतली रात्र सांगायला हवी. देवगडच्या बाहेर होतो. आदला दिवस त्यानं इंजिनात हात घालून काढला होता, आणि पाळी देताना तो उभ्या उभ्या पेंगत होता. आमचा एक ठराव होता : शंका आली की उठवायचं. शंका खरी ठरो न ठरो. दोनच्या सुमाराला मला पाण्यालगत दोन मिणमिणते दिवे दिसले, बऱ्याच अंतरानं एकमेकांपासून. लांबच्या होड्या असतील असं वाटलं. मग त्यातला एक लुकलुकला. शंका आली. मी आत डोकावले, तो कधी नव्हे तो गाढ झोपला होता, तोंड उघडं, हात खाली लोंबकळत. मला त्याची दया आली. आणि खरं सांगायचं तर नुसती दया नव्हती. मला हे एकटीनं करून दाखवायचं होतं.

ते दिवे जाळ्याच्या दोन टोकांना होते. मधला सगळा समुद्र जाळ्याचा होता. बोट मऊ गादीत रुतावी तशी थांबली, सुकाणू हलेना. तो उठला ते बोट थांबल्यामुळे. अंधारातून कुणीतरी बॅटरी हलवत ओरडत होतं. नायलॉनचं जाळं सुकाणूभोवती आवळलं होतं, ते सुटेना, शेवटी कापावं लागलं. पहाटे मच्छीमारांची बोट शेजारी येऊन लागली. चार खलाशी आणि पिकल्या केसांचा तांडेल, म्हणजे त्यांचा म्होरक्या. त्यानं जाळ्याचा फाटलेला भाग हातात घेऊन ओंजळीत धरावा तसा धरला. मग नवऱ्याकडे बघून विचारलं, “सुकाणूवर कोण होतं?”

नवऱ्यानं तोंड उघडलं होतं. त्याला मधे पडायचं होतं, ते मला दिसलं. मी म्हणाले, “मी होते.”

तांडेलानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं मला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, की दिवे दिसले होते का? दिसले होते. मग? मी म्हटलं, मला कळलं नाही आणि मी उठवलं नाही. त्याला ते पुरलं असावं. जाळ्याचे पैसे आम्ही दिले, आमच्या महिन्याच्या खर्चातले मोठे पैसे होते ते. पण जाळं परत विणेपर्यंत त्यांचे बुडणारे दिवस पैशांत भरून येणार नव्हते, हे तोही जाणत होता आणि मीही. जाताना त्यानं टोकाच्या दिव्यांमधली ओळ कशी ओळखायची ते हातानं दाखवलं. ज्याचं नुकसान केलं त्याच माणसानं मला शिकवलं.

मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की जबाबदारी घेणं म्हणजे एकटीनं निभावणं. दुसऱ्याला न उठवणं. पण आमच्या ठरावात उठवणं हेच माझं काम होतं. ते मी केलं नव्हतं. त्यानंतर मी त्याला पुष्कळदा उठवलं. एकदा नुसत्या चंद्रोदयासाठी उठवलं, क्षितिजावर लाल दिवा वाटला म्हणून. तो बाहेर आला, बघितलं, “चंद्र आहे,” म्हणाला आणि परत झोपला. किती लवकर झोपला! मी उठवीन याची खात्री पटल्याशिवाय माणूस असा झोपत नाही.

मे संपता संपता बोट गोव्यात काठावर ओढून झाकून ठेवली. पावसाळ्यात हा समुद्र शिडाचा नाही. मराठ्यांचं आरमारही या दिवसांत पाण्याबाहेर यायचं. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथं त्यांची गोदी अजून पाहायला मिळते. रबरी होडीची हवा जात होती, तिला ठिगळ लावून घेऊ म्हणून ती गुंडाळून सांगलीला आणली. बाबांनी विचारलंही, हे कशाला इथं?

ऑगस्ट २०१९. आयर्विनला पन्नास झालं, त्रेपन्न झालं. पंचावन्नला बाबांनी वही मिटली. २००५ ची रेघ पाण्याखाली गेली होती, त्यापुढं त्यांच्या वहीत काही नव्हतं. पुढं ते सत्तावन्नाच्या वर गेलं. वीज नाही, फोन नाही. खालचं घर संपलेलं, वर आम्ही सहा जण.

समोरच्या बैठ्या घरातली माणसं पत्र्यावर होती. आम्ही रबरी होडी फुगवली. तिच्या कडेला लिहिलेलं होतं : चार माणसं. म्हणजे वल्ही मारणारं एक आणि तिघं. नवरा आमच्या जिन्याच्या कठड्याशी लांब दोर धरून उभा राहिला आणि मी वल्ही घेतली, कारण मी हलकी. गल्लीत पाण्याला ओढ कमी होती, पण चौकाच्या तोंडाशी ती अंगाला कळायची. पत्र्यावर काका-काकू, सून आणि दोन नातवंडं. सगळे एकदम निघाले, शिवाय एक पेटी.

“काका, तुम्ही आणि काकू पुढच्या फेरीला. पेटी राहू दे.”

“अगं, एवढ्यात काय होतंय? काईलीतनं आम्ही आठ-आठ जण जायचो पलीकडं.” काईल म्हणजे गुऱ्हाळातली रस आटवायची मोठी कढई; तिच्यातून पुरात नदी ओलांडलेली पिढी ती. खोटं नव्हतं त्यांचं.

“काका, उतरा.”

माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो दोर धरून गप्प उभा होता. काका परत पत्र्यावर बसले, आणि मी सून-मुलांना घेऊन निघाले. दुसऱ्या फेरीत काका एक शब्द बोलले नाहीत. आमच्या माडीवर आल्यावर काकूंनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी माणसांनी भरलेली बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. बातमी आमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी आली. त्या बोटीत चढलेल्या कुणाला काय म्हणणार? पाणी घरात असताना मागं थांब असं कुणी कुणाला सांगायचं? मी काकांच्या समोर बसले होते. ते भिंतीकडे बघत होते.

त्या रात्री बाबा सलग चौथी रात्र जिन्यात होते. बहात्तर वर्षांचे. मी खाली जाऊन त्यांच्या वरच्या पायरीवर बसले. म्हणाले, “तू जा, झोप. मी आहे.”

“बाबा, सांगा मला. शेवटची रेघ कधी मारलीत?”

त्यांनी आधी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “साडेदहाला. अकरावी पायरी. त्याआधी तासाला बोटभर चढत होतं, आता कमी झालंय. जिन्याच्या कोपऱ्यात एक ओंडका अडकलाय, तो हलला तर भिंतीला लागेल. बॅटरीचे सेल आजचेच आहेत.” बोलता बोलता त्यांनी कोळसा माझ्या हातात दिला.

“घेतलं,” मी म्हणाले.

त्यांना त्या शब्दाची रीत ठाऊक नव्हती. तरी ते कठडा धरून उठले आणि वर गेले. बराच वेळ त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. मी रेघेवर बॅटरी धरून बसले. पाण्यात काहीबाही तरंगत होतं, एक चप्पल, नारळ, कुणाच्या तरी देवघरातली लाकडी घंटी. बारा वाजता पाणी रेघेवर. एकला रेघेवर. दोनलाही. समुद्रात जागा न सोडणाऱ्या दिव्याची मी धास्ती घ्यायला शिकले होते. इथं मी ते पाणी जागा सोडत नाहीये हे पुन्हा पुन्हा बघत होते आणि माझे खांदे उतरत होते.

अडीचच्या सुमाराला वरून बाबांचा आवाज आला. “किती राहिल्या?”

“सात. चार तास झाले, तिथंच आहे. चढलं की उठवते.”

त्यांनी कूस बदलल्याचा आवाज आला. मी थोडा वेळ वर कान लावून उभी राहिले. खोकला थांबला होता, श्वास लांब झाला होता. मग बॅटरी घेऊन मी परत बाराव्या पायरीवर जाऊन बसले.